मुंबईच्या लोकलला ज्याचं नाव पडलं, त्या गड्याने आयुष्यभर बर्फात गाडी कशी पळवायची याचाच नाद केला

मुंबईत पश्चिम रेल्वेने ये-जा करणाऱ्या माणसाला बंबार्डियर हा शब्द नव्याने सांगावा लागत नाही. २०१५ साली पांढऱ्या-जांभळ्या रंगाच्या नव्या लोकल रुळांवर आल्या. डबे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत बनलेले आणि गाडी ओढणारी विजेची यंत्रणा बंबार्डियर कंपनीची. मग काय, पब्लिकने गाडीलाच बंबार्डियर म्हणायला सुरुवात केली.

पण हे नाव मुळात एका माणसाचं आहे. जोसेफ आर्मांड बंबार्डियर.

गंमत म्हणजे या माणसाने आयुष्यात कधी रेल्वेचा डबा बनवला नाही. कॅनडातल्या एका खेड्यात त्याचं गॅरेज होतं आणि त्याच्या डोक्यात एकच किडा होता. रस्ता बर्फाखाली गडप झाला, तरी गाडी चालली पाहिजे.

आज गुलमर्गला गेलेली आपली मंडळी ज्या स्नो स्कूटरवर बसून फोटो टाकतात, त्या प्रकारची गाडी लोकांच्या हातात पोहोचली ती याच माणसामुळे. आणि आज अमेरिका-कॅनडात त्याच गाडीला टर्बो लावून डोंगर चढवणारी पोरं तिच्या क्लचमध्ये एकेक ग्रॅमचा हिशेब करत बसतात, तेव्हा तीही नकळत त्यानेच काढलेलं गणित सोडवत असतात.

तर सुरुवातीपासून सांगतो.

कॅनडाचा क्युबेक प्रांत. फ्रेंच बोलणारा मुलूख. तिथल्या वालकूर गावात १६ एप्रिल १९०७ रोजी आर्मांडचा जन्म झाला. वडील आल्फ्रेड, आई ॲना. आठ भावंडांत हा थोरला.

घरच्यांना वाटत होतं की पोराने पाद्री व्हावं. पोराचं लक्ष मात्र घड्याळाच्या आतल्या चाकांमध्ये. तेरा-चौदाव्या वर्षीच तो जुन्या घड्याळाचे सुटे भाग काढून त्यावर चालणारी खेळण्यातली इंजिनं बनवायचा. घरात कुठलं यंत्र दिसलं की ते उघडलंच म्हणून समजा.

१९२१ साली त्याला शेरब्रूक शहरातल्या धार्मिक शाळेत घातलं. शाळेत तो जायचा, पण सुट्टी लागली की पुन्हा हातात पाना. शेवटी वडिलांनी एक जुनी, मोडकी फोर्ड मॉडेल टी त्याला देऊन टाकली. या गाडीत रमला तर आपल्या चांगल्या गाडीला हात लावणार नाही, एवढाच त्यामागचा विचार.

आर्मांडने त्या फोर्डचं इंजिन काढलं आणि घसरगाडीच्या सांगाड्यावर बसवलं. मागे स्वतः तासलेला लाकडी पंखा जोडला. विमानाला असतो तसा.

३१ डिसेंबर १९२२. गावात बर्फ पडलेला. पंधरा वर्षांचा आर्मांड मागे इंजिनापाशी आणि धाकटा भाऊ लिओपोल्ड पुढे दिशा सांभाळायला. इंजिन धडधडलं, पंखा गरगरला आणि घोडा न जुंपलेली ती घसरगाडी गावच्या रस्त्यावरून निघाली. लोक बघतच राहिले.

वडिलांना मात्र वेगळंच दिसलं. उघड्यावर फिरणारा लाकडी पंखा आणि त्याच्या आसपास दोन पोरं. कुणाचा हात गेला असता, कुणाचं डोकं. त्यांनी गाडी ताबडतोब सुटी करायला लावली.

गाडी मोडली, पण या प्रयोगातून एक गोष्ट पक्की झाली. बर्फावर पळायला ताकद मिळवणं फार अवघड नाही, इंजिन कुठूनही आणता येतं. खरी अडचण ती ताकद बर्फापर्यंत पोहोचवण्याची आहे. पंख्याने हवा ढकलून ती अडचण टाळली होती, सोडवली नव्हती.

हे नीट समजायचं असेल तर भाताची खाचरं आठवा. चिखलणीच्या वेळी साधा ट्रॅक्टर खाचरात घातला, तर चाक जागेवर फिरतं आणि रुतत जातं. म्हणून तिथे लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावतात. ताज्या बर्फाचंही तसंच. जड गाडी त्यात बुडते. हलकी गाडी तरंगते, पण चाकाला पकड मिळत नाही. जोर जास्त लावला तर चाक स्वतःचाच खड्डा खणतं. कमी लावला तर गाडी हलतच नाही.

पुढची चाळीस वर्षं आर्मांड याच कोड्याच्या मागे होता.

सतराव्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि गॅरेजमध्ये उमेदवारी सुरू केली. पुढे मॉन्ट्रियलला गेला. दिवसा गॅरेजमध्ये काम आणि उरलेल्या वेळात यंत्रांचा आणि विजेचा अभ्यास. तांत्रिक पुस्तकं बहुतेक इंग्रजीत होती, म्हणून मग इंग्रजीही शिकून घेतली. इंजिनिअरिंगची पदवी मात्र त्याच्याकडे कधीच नव्हती.

१९२६ साली, एकोणीस वर्षांचा असताना तो गावी परतला. वडिलांकडून उसने पैसे घेऊन स्वतःचं गॅरेज उघडलं. १९२९ साली इव्हॉन लाब्रेक हिच्याशी लग्न झालं.

गॅरेज चांगलं चालत होतं, पण फक्त उन्हाळ्यात. त्या काळी क्युबेकच्या खेड्यांत हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ कुणी काढत नसे. पहिला मोठा बर्फ पडला की लोक मोटारी गोठ्यात, शेडमध्ये उभ्या करायचे ते थेट वसंतात बाहेर काढायचे. मधले चार-पाच महिने घोडा आणि घसरगाडी. डॉक्टर, टपाल, दूध, पाद्री सगळं घोड्याच्या चालीने.

मोटारीच नाहीत म्हटल्यावर मेकॅनिकलाही काम नाही. हा रिकामा वेळ आर्मांड बर्फावरच्या गाडीवर घालवायचा. एक नमुना करायचा, तपासायचा, मोडायचा, पुन्हा दुसरा. दरवर्षी हाच खेळ.

आणि मग १९३४ चा हिवाळा आला.

आर्मांड आणि इव्हॉनचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. त्याचंही नाव इव्हॉन. अपेंडिक्सचं दुखणं होतं आणि ते पोटात पसरलं. ऑपरेशन लागणार होतं. दवाखाना शेरब्रूकला, साधारण पन्नास किलोमीटरवर. बाहेर बर्फाने रस्ते बंद. गॅरेजमध्ये गाडीचा नमुना होता, पण तो अर्धवट. बाहेर काढण्याच्या अवस्थेत नव्हता.

पोर गेलं.

सोशल मीडियावर ही गोष्ट बऱ्याचदा अशी सांगितली जाते की मुलगा गेला म्हणून बापाने बर्फावरची गाडी शोधून काढली. तसं नाही. तो पंधराव्या वर्षापासून त्याच मागे होता. म्हणून तर हा घाव जास्त खोल असणार. जी गाडी वेळेवर हवी होती, तीच आपल्याच गॅरेजमध्ये अर्धवट पडून असणं काय असतं, याची कल्पना कुठल्याही आईबापाला येईल.

बदललं ते एवढंच. आता ही गाडी हौस राहिली नव्हती.

दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९३५ मध्ये त्याला वाट सापडली. त्याआधीच्या बर्फावरच्या गाड्यांचा दोष असा होता की लोखंडी साखळपट्ट्यात आणि चाकात बर्फ जाऊन बसायचा, दाबून घट्ट व्हायचा आणि पट्टा उतरायचा. आर्मांडने गाडी पुढे ढकलणाऱ्या दातेरी चाकावर रबर चढवलं. पट्टाही रबराचा केला आणि त्यावर आडव्या लोखंडी पट्ट्या बसवल्या. रबर लवचीक असल्याने त्याच्यावर बर्फ चिकटून राहत नव्हता. पट्टा रुंद असल्याने गाडीचं वजन पसरत होतं. दात्यांमुळे ताकद न घसरता पट्ट्यापर्यंत जात होती. पुढे चाकांच्या जागी स्की.

१९३७ साली या रचनेचं पेटंट मिळालं. त्यावर आधारित गाडीचं नाव ठेवलं बी-७. बी म्हणजे बंबार्डियर आणि ७ म्हणजे सात माणसं.

पहिली गिऱ्हाइकं कोण होती ते बघा. डॉक्टर, टपाल नेणारे, टॅक्सीवाले, हॉटेलवाले. ज्यांना हिवाळ्यातही घराबाहेर पडावंच लागत होतं असे लोक. तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या घरी जे घडलं, ते दुसऱ्याच्या घरी टाळू शकणारी गाडी आता रस्त्यावर, खरं तर बर्फावर आली होती.

मग मोठी बी-१२ आली. बारा माणसं बसतील अशी, जहाजाला असतात तशा गोल खिडक्यांची. तिच्यात पेशंट नेले, टपाल नेलं. पुढे शाळेची मुलं नेण्यासाठीही मोठी गाडी बनली. जुलै १९४२ मध्ये कंपनी स्थापन झाली. दुसरं महायुद्ध सुरू होतं आणि साध्या गिऱ्हाइकाला गाडी विकण्यावर बंधनं आली होती, पण सैन्याला बर्फात आणि दलदलीत चालणाऱ्या गाड्या हव्या होत्या. त्या ऑर्डरवर कारखाना चालला.

युद्ध संपलं. पुन्हा सगळं सुरळीत होईल असं वाटत असतानाच झटका बसला.

१९४८ साली क्युबेक सरकारने ग्रामीण रस्त्यांवरचाही बर्फ हिवाळ्यात काढायचा निर्णय घेतला. लोकांसाठी ही चांगलीच बातमी होती. आता आजारी मूल साध्या मोटारीतून दवाखान्यात नेता येणार होतं. आर्मांडच्या धंद्यासाठी मात्र हा घाला होता. रस्ते मोकळे झाल्यावर बर्फावरची बस कोण घेणार? एका वर्षात विक्री जवळपास निम्म्यावर आली.

गडी खचला नाही. रस्ते मोकळे झाले, पण जिथे रस्ताच नाही अशा जागा होत्याच की. शेतातल्या ट्रॅक्टरला बसवता येतील असे पट्टे त्याने बनवले. १९५३ साली मस्केग नावाचं यंत्र आणलं. मस्केग म्हणजे त्या भागातली दलदल. जंगलतोड, खाणी, तेलाच्या विहिरी, विजेच्या तारा अशा कामांवर ते जाऊ लागलं आणि कंपनी पुन्हा उभी राहिली.

पण पंधराव्या वर्षीचं एक स्वप्न अजून बाकी होतं. एक-दोन माणसांची, हलकी, उघडी गाडी. बी-७ काय आणि बी-१२ काय, त्या मोटारीच होत्या. वाटेल तिथे घुसणारी छोटी गाडी हवी असेल तर इंजिन हलकं पाहिजे आणि तसं भरवशाचं इंजिन तोवर बाजारात नव्हतं.

१९५० च्या दशकाच्या शेवटी ते मिळू लागलं. मुलगा जर्मेन याने रबराचा सलग, रुंद पट्टा बनवण्यात मोठं काम केलं. इंजिन झालं, पट्टा झाला. मधली कडी राहिली. क्लच.

आता इथे जरा थांबू, कारण पुढची सगळी गंमत यात आहे.

मोटारीत गिअर बदलताना आपण क्लच दाबतो. त्या क्षणी इंजिन आणि चाकाचा संबंध तुटतो, पण डांबरी रस्त्यावर गाडी आपल्या वेगाने पुढे जात राहते. खोल बर्फात तसं होत नाही. ताकद तुटली की बर्फ गाडीला लगेच धरून ठेवतो. गिअर पडेपर्यंत गाडी थांबलेली असते आणि पुन्हा निघायचं म्हणजे जागेवर खड्डा. शिवाय उंचसखल जागी तोल सांभाळणाऱ्या माणसाने क्लच आणि गिअर कधी बघायचा?

म्हणून इंजिनाने वेग घेतला की आपोआप पकडणारा सेंट्रिफ्युगल क्लच या गाडीत आला. माणसाने फक्त ॲक्सिलरेटर द्यायचा.

१९५९ च्या वसंतात आर्मांडने एक नमुना आपल्या मित्राला दिला. फादर मॉरिस उइमे. हा मिशनरी उत्तर ओंटारिओतल्या लॅन्सडाउन हाउस या दुर्गम वस्तीत राहायचा आणि कुत्र्यांच्या गाडीने फिरायचा. त्याच वर्षी गाडी विक्रीला आली. कुत्र्यांची जागा घेणारी म्हणून तिचं नाव स्की-डॉग ठरलं होतं. लिहिताना शेवटचं अक्षर चुकलं आणि स्की-डू झालं, असं सांगतात. आर्मांडने तेच ठेवलं.

सात हॉर्सपॉवरचं इंजिन, पिवळा रंग, किंमत साधारण ९०० डॉलर. पहिल्या हंगामात २२५ गाड्या गेल्या.

आर्मांडच्या डोक्यात गिऱ्हाईक ठरलेलं होतं. फासेपारध करणारे, खाणी शोधणारे, जंगल खात्याचे लोक, मिशनरी. लोक ही गाडी मजेसाठी घेतील, हे त्याने धरलंच नव्हतं. घडलं तेच. हिवाळ्यात घरात कोंडून घेणारी माणसं शनिवार-रविवारी बाहेर पडू लागली. शर्यती सुरू झाल्या. विक्री वर्षागणिक वाढत १९६३-६४ च्या हंगामात ८ हजारांच्या पुढे गेली.

आर्मांडला याचं थोडं दडपणच आलं होतं. मस्केगसारख्या कामाच्या यंत्रांवर कंपनी उभी होती. या खेळण्याच्या मागे लागून ती बाजू कमकुवत होऊ नये, म्हणून तो स्की-डूची जाहिरात जपूनच करायचा.

१८ फेब्रुवारी १९६४ रोजी कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला. वय ५६. नावावर चाळीसहून जास्त पेटंट.

त्याच्यानंतर काही काळ जर्मेनने कारभार बघितला. १९६६ मध्ये जावई लॉरां बोदुआं याच्याकडे सूत्रं आली आणि त्याने स्की-डूवर जोर दिला. पुढे १९७४ साली कंपनीला मॉन्ट्रियल मेट्रोच्या डब्यांची मोठी ऑर्डर मिळाली. आर्मांडला जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. त्या ऑर्डरपासून सुरू झालेली रेल्वेची वाट दिल्ली मेट्रोपर्यंत आणि आपल्या चर्चगेट-विरारपर्यंत आली. १९८६ मध्ये कंपनी विमानांच्या धंद्यात उतरली. २००३ मध्ये स्की-डूचा विभाग वेगळा होऊन बीआरपी झाला आणि २०२१ मध्ये रेल्वेचा धंदा अल्स्टॉमकडे गेला.

आता पुन्हा त्या क्लचकडे येऊ.

सात हॉर्सपॉवरच्या जागी आज दीडशेहून जास्त हॉर्सपॉवरच्या स्नोमोबाईल आहेत. २०२० च्या मॉडेलमध्ये तर स्की-डूने टू-स्ट्रोक इंजिनाला कारखान्यातूनच टर्बो लावून दिला. त्याच्या कितीतरी आधीपासून हौशी मेकॅनिक आपल्या गॅरेजमध्ये टर्बो बसवत होते. आणि टर्बो बसवून पहिल्यांदा बाहेर पडलेल्या बऱ्याच जणांना एकच अनुभव येतो. इंजिन किंचाळतं, बेल्ट जळतो आणि गाडी पूर्वीपेक्षा फार काही पुढे जात नाही.

का? कारण ताकद वाढली, पण ती बर्फापर्यंत नेणारा क्लच जुन्याच ताकदीचा राहिला.

तुमच्या घरी ॲक्टिव्हा किंवा दुसरी कुठलीही गिअर नसलेली स्कूटर असेल, तर हा क्लच तुम्ही पाहिलेला आहे. दोन पुली आणि मध्ये बेल्ट. स्कूटर फिरली की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर सरकतात, पुली मिटत जाते, बेल्ट वर चढतो आणि गिअर न बदलता गिअर बदलत राहतो. स्नोमोबाईलचंही तेच. फक्त पुढच्या पुलीत रोलरऐवजी बिजागरीवर फिरणारी वजनं असतात, त्यांना फ्लायवेट म्हणतात. मागच्या पुलीत एक जाडजूड स्प्रिंग आणि हेलिक्स नावाचा तिरपा उतार कापलेला भाग असतो.

प्रत्येक इंजिन एका ठरावीक फेऱ्यांवर सर्वांत जास्त ताकद देतं. मोठ्या टू-स्ट्रोक इंजिनात ती जागा साधारण ८ हजार आरपीएमच्या आसपास असते. पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर, चढ असो की सपाटी, काटा तिथेच टिकवून धरायचा हे क्लचचं काम.

फ्लायवेट हलकी असली तर बेल्ट पुरेसा वर चढत नाही, इंजिनावर भार येत नाही आणि ते मर्यादेच्या पुढे फिरतं. जड असली तर इंजिन दबतं आणि काटा खाली येतो. टर्बोने ताकद वाढवली की जुनी वजनं हलकी पडतात. म्हणून ती वाढवावी लागतात. एक-दोन ग्रॅमने काटा हललेला दिसतो.

मग सरळ जड वजनं टाकायची, असं वाटेल. तिथेच लोक फसतात.

टर्बो इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरतो, त्यामुळे त्याची पूर्ण ताकद यायला क्षणभर लागतो. तोवर इंजिन टर्बोशिवायच ओढत असतं. त्या क्षणी फ्लायवेटचा भार जास्त झाला, तर फेऱ्या पडतात, धूर कमी होतो आणि टर्बो जागाच होत नाही. म्हणून जाणकार माणूस नुसतं एकूण वजन बघत नाही, ते फ्लायवेटच्या कुठल्या भागात आहे हे बघतो. बिजागरीजवळचं वजन सुरुवातीला जास्त काम करतं, टोकाकडचं वेग वाढल्यावर. टर्बोसाठी सुरुवात सौम्य आणि शेवट जोरकस असा मेळ बसवायचा असतो. पुढच्या पुलीची स्प्रिंग ठरवते की किती फेऱ्यांवर क्लच पकडेल.

मागच्या पुलीचं काम याच्या उलट दिशेचं. बर्फाने पट्टा अडवला की हेलिक्सच्या उतारामुळे पुली बेल्टला जास्त आवळते आणि गाडी आपोआप खालच्या गिअरसारखी होते. उतार जास्त तीव्र ठेवला तर गाडी वेगात लवकर वर जाते, पण चढावर अडकली की परत खाली यायला उशीर करते. मंद ठेवला तर चढावर चटकन सावरते, पण सपाटीवर वेग घ्यायला आळस करते. आणि मागची पकड सैल राहिली तर टर्बोच्या जोराने बेल्ट घसरतो. घसरला की तापतो, तापला की फाटतो. हजारो फेऱ्यांवर फाटलेल्या बेल्टचे तुकडे गोळीसारखे सुटतात. म्हणून क्लचवरचं कव्हर काढून इंजिन जोरात फिरवून बघणं हा वेडेपणा समजला जातो.

त्यात उंचीचा हिशेब वेगळा. साधं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावतं, कारण हवा विरळ होते. त्यामुळे डोंगरात जाताना लोक फ्लायवेट हलकी करतात. टर्बो विरळ हवा दाबून भरतो, त्याची ताकद तितकी पडत नाही. त्यामुळे डोंगरासाठीचा साधा तक्ता टर्बोच्या गाडीला चालत नाही.

मग जुळवायचं कसं? अनुभवी मंडळींचा मार्ग साधा आहे. एका वेळी एकच बदल. तोच चढ, तसाच बर्फ, पूर्ण ॲक्सिलरेटर. काटा कुठे गेला ते बघायचं. धाव संपली की लगेच इंजिन बंद करून पुली किती तापल्यात ते तपासायचं. पुली फार तापली असेल तर तिथे ताकद उष्णता होऊन वाया जाते आहे. पट्ट्यापर्यंत ती पोहोचलेलीच नाही. सगळं वहीत लिहून ठेवायचं. मग पुढचा बदल.

एक नमुना करायचा, तपासायचा, पुन्हा दुसरा. वालकूरच्या गॅरेजमध्ये आर्मांड हिवाळाभर हेच करायचा.

ते गॅरेज आजही आहे. वालकूरमध्ये त्याच्या नावाचं संग्रहालय आहे आणि जुनं गॅरेज त्याच्या आत जपून ठेवलंय. तिथे जाणारी बरीचशी माणसं स्नोमोबाईलची हौस म्हणून जातात आणि त्यात गैर काही नाही.

पण एक लक्षात ठेवण्यासारखं आहे. आज ज्या गाडीवर दोन-चारशे फूट जास्त चढता यावं म्हणून लोक ग्रॅमचा हिशेब करतात, त्या गाडीचा हिशेब एका बापासाठी पन्नास किलोमीटरचा होता. आणि कॅनडाच्या उत्तरेकडच्या ज्या वस्त्यांत अजूनही रस्ता जात नाही, तिथे हिवाळ्यात अडल्यानडल्याला दारात उभी असते ती हीच गाडी.

पुढच्या वेळी लोकलच्या गर्दीत कुणी बंबार्डियर आली म्हणून ओरडलं, तर शेजारच्याला ही गोष्ट नक्की सांगा.